सेडानमधून नेली की रोड बाइक बिघडते: ब्रेक का घासतो, गिअर का उडतात

तक्रार साधारण अशी असते. घरी सायकल ठणठणीत होती. रात्री गाडीत घातली, पहाटे लोणावळ्याला किंवा ताम्हिणीच्या पायथ्याशी उतरवली, चाकं लावली आणि डिस्क ब्रेक घासायला लागला. नाहीतर मधले गिअर उडायला लागले. सायकलवाल्याने नीट करून दिलं, पुढच्या रविवारी पुन्हा तेच. यात सायकलचा दोष नसतो आणि त्या मेकॅनिकचाही नसतो. बहुतेक वेळा मूळ एकच निघतं: दोन मिनिटं वाचवायला मागचं चाक काढलेलं नसतं आणि सायकल मागच्या सीटवर कोंबलेली असते. ते कसं, हे पुढे येईलच. पण हे वाचताना तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे असाल, तर आधी समोरचा बिघाड काढू.

डिस्क ब्रेक घासतोय

चाक उचलून फिरवा आणि ऐका. घासण्याचा आवाज सलग येतोय की एका फेरीला एकदाच? दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

सलग येत असेल तर चाक जागेवर पूर्ण बसलेलं नाही. सायकल उलटी करून किंवा हातात धरून अ‍ॅक्सल (चाकाच्या मधला दांडा) आवळला की असं होतं. सायकल सरळ उभी करा, दोन्ही चाकं जमिनीवर टेकवा, अ‍ॅक्सल सैल करा, सॅडल आणि हँडल वरून दाबा आणि त्याच स्थितीत पुन्हा आवळा. थ्रू-अ‍ॅक्सलवर (आट्यांनी आवळायच्या अ‍ॅक्सलवर) किंवा फ्रेमवर टॉर्क, म्हणजे किती जोराने आवळायचं तो आकडा, छापलेला असतो, बहुधा १२ न्यूटन-मीटरच्या आसपास. क्विक रिलीज (लिव्हरने आवळायचा अ‍ॅक्सल) असेल तर लिव्हर अर्धा वळल्यावर तळहाताला विरोध जाणवायला हवा. त्याआधी जाणवला तर जास्त घट्ट आहे, जाणवलाच नाही तर चाक सैल आहे. क्विक रिलीजच्या दोन स्प्रिंगांचं निमुळतं टोक हबकडे, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाकडे हवं. स्प्रिंग उलटी बसली की चाक नेहमी तिरकं राहतं, आणि अंधारात हे हमखास घडतं.

एवढं करूनही सलग घासत असेल, तरच कॅलिपरचे (ब्रेक पॅड धरणाऱ्या भागाचे) दोन बोल्ट सैल करा, लिव्हर दाबून धरा आणि तसंच दाबून ठेवत बोल्ट थोडे थोडे आळीपाळीने आवळा. फ्लॅट माउंट कॅलिपरला ६ ते ८ न्यूटन-मीटर पुरतं. पण घरी ब्रेक नीट होता तर कॅलिपर प्रवासात आपोआप सरकलेला नसतो. म्हणून त्या बोल्टांना हात सर्वांत शेवटी.

आवाज एका फेरीला एकदाच येत असेल तर रोटर, म्हणजे ब्रेकची पातळ चकती, वाकलाय. रोटरची जाडी नवा असताना १.८ मिलिमीटर असते, म्हणजे डिकीत त्याच्यावर एखादी भरलेली बॅग रेलली तरी तो वाकतो. कॅलिपरच्या मागे पांढरा कागद धरा, चाक हळू फिरवा, फट कुठे बंद होते ते बघा. तिथे रोटरच्या आतल्या दांडीवर पेनाने खूण करा, ब्रेक लागतो त्या पट्ट्यावर नको. मग स्वच्छ अ‍ॅडजस्टेबल पान्याने किंवा स्वच्छ फडक्यात धरून उलट्या दिशेला अगदी किंचित दाबा आणि पुन्हा फिरवून बघा. तेलकट बोटं लागली तर घासणं थांबेल, पण ब्रेक किंचाळायला लागेल. डोळ्यांना लांबून हेलकावा दिसत असेल तर सरळ करण्याच्या नादाला न लागता रोटर बदला.

चाक कॅलिपरमध्ये शिरतच नाही

हायड्रॉलिक ब्रेकचा हा नेहमीचा किस्सा. चाक काढलेलं असताना लिव्हर दाबला गेला की दोन्ही पिस्टन एकमेकांकडे सरकतात, आणि मध्ये रोटर नसल्यामुळे तिथेच राहतात. लिव्हर तुम्हीच दाबायला हवा असं नाही. दार बंद करताना, सीट मागे घेताना, वर ठेवलेल्या बॅगेनेही तो दाबला जातो.

उपाय: पॅडची पिन किंवा बोल्ट काढून पॅड बाहेर घ्या आणि प्लॅस्टिकच्या टायर लिव्हरच्या सपाट बाजूने दोन्ही पिस्टन सरळ, सारख्या दाबाने आत ढकला. पॅड काढायला अवजार नसेल तर टायर लिव्हर दोन पॅडच्या मध्ये घालून हलक्या हाताने फाकवा. स्क्रू-ड्रायव्हर वापरू नका. काही कॅलिपरमध्ये पिस्टन सिरॅमिकचे असतात, त्यांचा टवका उडतो. मग चाक बसवून लिव्हर कडक होईपर्यंत आठ-दहा वेळा दाबा. हे न करता उतारावर निघालात, तर पहिल्या वळणावर लिव्हर हँडलला टेकेल.

हे टाळायला चाक काढल्याबरोबर पॅडच्या मध्ये स्पेसर घाला. नव्या सायकलबरोबर तो पिवळा किंवा नारिंगी प्लॅस्टिकचा तुकडा येतो आणि पहिल्याच आठवड्यात हरवतो. पर्याय म्हणून खोक्याचा पुठ्ठा घडी घालून साधारण २ मिलिमीटर जाड करा, चालतो. केबलवर चालणारे डिस्क ब्रेक असतील तर ही भानगडच नाही. लिव्हर सुटला की पॅड मागे जातो.

लिव्हर स्पंजासारखा लागत असेल तर सायकल आडवी किंवा उलटी असताना ब्रेकच्या तेलाच्या टाकीतला हवेचा बुडबुडा नळीत गेलाय. सायकल उभी ठेवून लिव्हर वीस-तीस वेळा दाबा. रात्रभर वेळ असेल तर चाक लावून लिव्हर वेल्क्रो पट्टीने दाबलेला ठेवा. प्रत्येक प्रवासानंतर असं होत असेल तर आत मुळातच हवा जास्त आहे आणि ब्लीड करायलाच, म्हणजे ती हवा काढून टाकायलाच हवं. शिमानोच्या ब्रेकना मिनरल ऑइल लागतं, स्रॅमच्या बहुतेक रोड ब्रेकना डॉट ब्रेक ऑइल. एकाच्या जागी दुसरं भरलं तर सील फुगून खराब होतात.

रिम ब्रेकवाल्यांनी एकच गोष्ट पाहायची. चाक काढताना कॅलिपर उघडायची छोटी कळ वर केली होती, ती खाली केली का? कॅम्पाग्नोलोत ती कळ कॅलिपरवर नसून लिव्हरवरच असते.

गिअर उडतात, चेन खडखडते

घरी गिअर नीट होते, तर बॅरल अ‍ॅडजस्टर (गिअरच्या केबलचा ताण कमी-जास्त करायची गोल कळ) फिरवायची घाई करू नका. आधी वरीलप्रमाणे मागचं चाक सैल करून पुन्हा बसवा. चाक एखाद्या मिलिमीटरनेही तिरकं असेल तर ११ किंवा १२ स्पीडची कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) ते खपवून घेत नाही.

तरी उडतात? सायकलच्या मागे बसा आणि डिरेलरची (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेची) दोन्ही छोटी चाकं वरून खाली पाहा. ती वरच्या दात्याच्या चकतीच्या रेषेत हवीत. खालचं चाक आतल्या बाजूला, म्हणजे स्पोककडे झुकलेलं दिसलं तर हँगर वाकलाय. हँगर म्हणजे फ्रेमला डिरेलर जोडणारा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा. फ्रेम तुटण्यापेक्षा हा वाकावा म्हणूनच तो मऊ ठेवलेला असतो. त्याची खूण अशी, की बॅरल फिरवून एका टोकाचे गिअर सुधारले की दुसऱ्या टोकाचे बिघडतात.

इथे थोडं घाबरायला हरकत नाही. हँगर आत वाकला की सर्वांत मोठ्या चकतीवर गिअर टाकताच डिरेलरचा पिंजरा स्पोकमध्ये जाऊ शकतो, आणि तसं झालं की डिरेलर, हँगर, तीन-चार स्पोक आणि कधीकधी फ्रेमही जाते. म्हणून गाडीतून उतरवल्यावर मागचं चाक उचलून, पेडल हाताने फिरवत, एक एक गिअर टाकत मोठ्या चकतीपर्यंत जा आणि पिंजरा व स्पोक यांच्यातलं अंतर डोळ्यांनी बघा. फिरवताना टिकटिक ऐकू आली तर त्या दिवशी शेवटच्या दोन मोठ्या चकत्या वापरायच्या नाहीत. घाट असेल तर चढण जड जाईल, पण पर्याय नाही. हँगर हाताने किंवा डिरेलरला धरून सरळ करू नका. त्यासाठी वेगळं मोजमाप अवजार असतं आणि ते चांगल्या सायकल दुकानात मिळतं. २०० किलोमीटरच्या बीआरएमला (लांब पल्ल्याच्या, वेळेची मर्यादा असलेल्या सायकल राइडला) साडेतेरा तास मिळतात आणि सुरुवात पहाटे असते, तेव्हा असं दुकान उघडं नसतं. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असतो, त्यामुळे आपल्या मॉडेलचा एक जादा हँगर सॅडलखालच्या पिशवीत ठेवा. वजन नगण्य, आणि ऐनवेळी कुणाकडून उसना मिळायची शक्यता त्याहून नगण्य.

११ स्पीडचं डीआय२ (शिमानोचे इलेक्ट्रॉनिक गिअर) असेल आणि डिरेलर अजिबात हलत नसेल तर तो बिघाड नसू शकतो. डिरेलरला धक्का बसला की ती यंत्रणा स्वतःला बंद करते. जंक्शन बॉक्सचं (गिअरच्या तारा जोडणाऱ्या छोट्या डबीचं) बटण लाल दिवा लागेपर्यंत दाबून धरा, मग पेडल फिरवत गिअर बदला.

हे होतं कशामुळे: जागेचं गणित

मागच्या सीटवर, दोन्ही दारं बंद करून, दोन हँडरेस्टच्या मधलं अंतर टेपने मोजा. बहुतेक सेडानमध्ये ते १२५ ते १३५ सेंटिमीटर भरतं. आता सायकल. मध्यम मापाच्या रोड बाइकचा व्हीलबेस जवळपास १०० सेंटिमीटर, चाकाची त्रिज्या साधारण ३४. फक्त पुढचं चाक काढलं तर फोर्कच्या टोकापासून मागच्या टायरच्या कडेपर्यंत १३४ सेंटिमीटर होतात. म्हणजे सायकल एकतर मावत नाही किंवा दाराने दाबल्यावरच मावते. दार लागतं, 'बसली एकदाची' असं वाटतं, आणि तो सगळा दाब वाटभर चाक आणि डिरेलर झेलत राहतात. खड्डा आला की प्रत्येक वेळी थोडा जास्त.

दोन्ही चाकं काढली की हँडलसकट लांबी १०५ ते ११० सेंटिमीटरवर येते. दोन्ही बाजूंना हाताचा पंजा जाईल एवढी जागा उरते. बाकी सगळे उपाय या एका फरकापुढे किरकोळ आहेत.

घालायची कशी

साहित्य फार नाही: एक जुनी गोधडी, एक जाड पुठ्ठा, दोन वेल्क्रो पट्ट्या, कॅसेट झाकायला प्लॅस्टिकची शॉवर कॅप आणि एसीच्या पाइपवर चढवतात तो काळा फोम, अंदाजे दोन मीटर. हार्डवेअरच्या दुकानात तो स्वस्तात मिळतो. एका बाजूने कापून फ्रेमच्या नळ्यांवर चढवला की झालं. बाजारातल्या महागड्या ट्रॅव्हल बॅगा विमानासाठी ठीक आहेत. मागच्या सीटसाठी त्या आडव्याच येतात.

सायकल उलटी करू नका. पुढे लहान चेनरिंग, मागे सर्वांत लहान चकती, असा गिअर टाका. आधी पुढचं चाक काढा, फोर्कची टोकं गोधडीवर टेकवा, सॅडल धरून मागचं चाक काढा. थ्रू-अ‍ॅक्सल लगेच रिकाम्या फोर्कमध्ये आणि फ्रेममध्ये परत बसवून टाका. फोर्क दबत नाही आणि अ‍ॅक्सल हरवत नाही. (अ‍ॅक्सल घरी राहिला म्हणून परत फिरलेल्यांची संख्या कमी नाही.) क्विक रिलीजच्या फ्रेमसाठी नव्या सायकलच्या खोक्यात येणारा प्लॅस्टिकचा आडवा तुकडा सायकल दुकानात मागा. ते टाकूनच देतात. पॅड स्पेसर घाला. चेन आणि डिरेलरभोवती जुना कपडा गुंडाळून पट्टी लावा.

डावं पेडल काढलेलं बरं, कारण ते सीटच्या पाठीत घुसतं आणि सायकल तिरकी राहते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, म्हणजे ते घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सैल होतं. उलट जोर लावत बसलात तर पाना सटकून बोटं चेनरिंगवर जातात.

आता गाडीचं डावं मागचं दार उघडा. सीटवर पुठ्ठा, त्यावर गोधडी. फ्रेम मागच्या टोकाने आत सरकवा, चेनची बाजू पुढच्या सीटांकडे आणि डावी बाजू सीटच्या पाठीला टेकलेली. म्हणजे हँडल डाव्या दाराशी येईल आणि डिरेलर उजव्या दाराच्या अलीकडे मोकळा लोंबेल. खाली चेनरिंगचे दाते टेकतात, म्हणून पुठ्ठा पातळ नको. क्रँक आडवे ठेवा. हँडल उजवीकडे वळवा, म्हणजे हूड (ब्रेक लिव्हरची रबरी मूठ) पुढच्या सीटांकडे तोंड करतील. आतून केबल गेलेल्या नव्या फ्रेममध्ये हँडल जिथे अडतं तिथे थांबायचं, जोर नाही करायचा.

सॅडल दाराच्या चौकटीला अडत असेल तर सीटपोस्टवर इन्सुलेशन टेपने उंचीची खूण करून तो खाली घ्या. कार्बन सीटपोस्ट परत वर घेताना कार्बन पेस्ट लावा आणि क्लॅम्पवर लिहिलेल्या टॉर्कपेक्षा जास्त आवळू नका. तो बहुधा ५ न्यूटन-मीटरच असतो.

मागचा सीटबेल्ट फ्रेमच्या त्रिकोणातून ओढून बकलमध्ये लावा. मोकळी ठेवलेली फ्रेम जोराचा ब्रेक लागला की चालकाच्या डोक्याकडे येते, घाटात तर हमखास. आणि काही गाड्यांमध्ये मागच्या सीटवर वजन आलं की वाजणारी बेल्टची घंटाही यामुळे थांबते.

शेवटी ज्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही ती गोष्ट: चालकाची सीट. सायकल घालताना ती पुढे घेतलेली असते, मग गाडीत बसणारा ती सवयीने मागे सरकवतो किंवा पाठ रेलवतो, आणि सीटची पाठ थेट डिरेलरवर टेकते. मागचं चाक काढून, सगळं नीट करूनही हँगर वाकतो तो इथेच. आधी चालकाने आपल्या मापाला सीट लावून घ्यायची, मग सायकल घालायची. गाडी दुसरं कुणी चालवणार असेल तर त्यांना तसं सांगून ठेवा.

चाकं डिकीत

मागचं चाक आधी, कॅसेट खाली आणि रोटर वर. त्यावर पुठ्ठा. मग पुढचं चाक, त्याचाही रोटर वर. दोन हब एकावर एक येऊ देऊ नका, थोडं सरकवून ठेवा. चाकांवर काहीही ठेवायचं नाही. पाण्याचा कॅन, बुटांची पिशवी, सगळं पुढच्या सीटसमोर पायाशी.

सीएनजीच्या सेडानमध्ये मोठ्या सिलिंडरने डिकी अर्धी खाल्लेली असते आणि ६८ सेंटिमीटर व्यासाचं चाक सपाट बसत नाही. सिलिंडर आणि डिकीचं झाकण यांच्यात ते तिरकं ठेवून झाकण आपटलं की रिम किंवा रोटर गेलाच म्हणून समजा. टिगोरमधल्या जुळ्या सिलिंडरसारखी मांडणी असेल तर वर सपाट जागा मिळते. नाहीतर चाकं मागच्या सीटच्या पायाशी उभी करा, एक डावीकडे, एक उजवीकडे, रोटर डिरेलरपासून आणि दारापासून दूर, आणि पट्टीने पुढच्या सीटच्या हेडरेस्टला बांधा.

मागची सीट ६०:४० दुमडणारी असेल, जशी व्हर्टस किंवा स्लाव्हियामध्ये असते, तर डिकीतून फ्रेम सरकवता येते. चेनची बाजू वर ठेवून आडवी घाला. सीटमागचं भोक बाहेरून वाटतं त्यापेक्षा अरुंद असतं. सोमवारी एकदा रिकामी चाचणी करून बघा, शनिवारी रात्री नको.

ऊन, तेल, बॅटरी

मे महिन्यात उन्हात बंद उभ्या गाडीत तापमान ६० अंशांपर्यंत जातं. २५ अंशांना ९० पीएसआय भरलेला टायर तिथे १०० च्या पुढे जातो. साध्या रिमला त्याने फारसं बिघडत नाही, पण हुकलेस रिमची (टायर धरायला आतून कड नसलेल्या रिमची) मर्यादाच साधारण ७२ पीएसआय असते आणि काठोकाठ भरलेला टायर ती सहज ओलांडतो. प्रवासापुरती हवा ४० वर आणा, चाक दारातून घालायलाही सोपं जातं. महाबळेश्वरला जाताना उंचीमुळे हवा वाढते म्हणून कमी करतात, त्याचा मात्र उपयोग नाही. साडेतेराशे मीटरवर फरक जेमतेम २ पीएसआयचा पडतो.

सीटला चेनचं तेल लागलं तर घासू नका. त्यावर टाल्कम पावडर टाकून तासभर ठेवा, झटका, मग भांड्यांच्या लिक्विड साबणाचे दोन थेंब ओल्या फडक्यावर घेऊन टिपा. पेट्रोलने डाग जातो आणि रेक्झिनचा रंगही.

स्रॅम एएक्सएसची (वायरलेस इलेक्ट्रॉनिक गिअरची) बॅटरी प्रवासात काढून ठेवा. हादऱ्यांनी डिरेलर जागा होत राहतो आणि पहाटे बॅटरी उतरलेली मिळते. तिची झाकणं लावायला विसरू नका.

पावसाळ्यात परतीला सायकल चिखलाने माखलेली असते. तेव्हा गोधडीखाली एक प्लॅस्टिकचा ताडपत्रीचा तुकडा घाला, आणि घरी पोचल्यावर सायकल त्याच रात्री बाहेर काढा. बंद गाडीतल्या दमटपणात चेनवर सकाळपर्यंत गंजाचा पिवळा थर दिसतो, आणि सोमवारी ऑफिसला जाताना सीटला येणारा वास वेगळाच.